तुला सुतक नाही

माझा भाऊ गेला तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो माझा सख्खा भाऊ नव्हता. हे दुसरं वाक्य मला लिहायचं नव्हतं, पण ते लिहिल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. त्याचं नाव इथे देत नाही. त्याच्या मम्मीला ते इंटरनेटवर नको आहे.

आधी नाती सांगते, नाहीतर गोंधळ होईल. मी आठ वर्षांची असताना माझे बाबा अपघातात गेले. २०१२ मध्ये आईने दुसरं लग्न केलं. ज्यांच्याशी केलं त्यांना मी तेव्हाही काका म्हणायचे, आजही काकाच म्हणते. काकांचा घटस्फोट झाला होता आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे असायचा. मुलाची आई कोल्हापूरला. तिला तो मम्मी म्हणायचा. माझ्या आईला मी आई म्हणते म्हणून तोही आई म्हणायला लागला. कुणी शिकवलं नाही. एका घरात एकाच बाईला दोन नावं कशाला, असा त्याचा हिशोब असावा.

आम्ही साताऱ्यात राहायचो. सुट्ट्या लागल्या की तो कोल्हापूरला जायचा आणि परत येताना तिथली बोली घेऊन यायचा. मम्मी अस्सल कोल्हापुरी आहे, म्हणजे बाई असून ‘मी येतो, मी जातो’ म्हणते. हा आला की आठवडाभर माझ्यामागे, “ताई, तू पण ‘मी जातो’ म्हण.” मी म्हणायचे नाही. मग तोच ‘मी जाते, मी खाते’ म्हणून मला चिडवायचा.

ध्रुवबाळाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. सावत्र आई सुरुची त्या पोराला बापाच्या मांडीवरून खाली उतरवते. आमच्या घरात ती गोष्ट आली तेव्हा त्याने आईला सरळ विचारलं, “मग तू सुरुची का?” आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “हो. आता गृहपाठ कर, नाहीतर मांडीवरून उतरवीन.” तो इतका हसला की त्याला उचकी लागली. मराठीत सावत्र या शब्दाला चांगला वासच नाही. ‘सापत्न’ हा त्याचा भारदस्त भाऊ तर थेट सपत्नीवरून, म्हणजे सवतीवरून आलाय. आपली भाषा गृहीत धरते की अशा घरात भांडण असणारच. आमच्याकडे होतंही, पण ते टीव्हीच्या रिमोटवरून.

२०१६ मध्ये त्याला ल्युकेमिया झाला. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो प्रकार, ज्याचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. सातारा ते पुणे, खंबाटकीच्या घाटातून, किती फेऱ्या झाल्या ते कुणी मोजलं नाही. उपचार संपत आले आणि आजार उलटला. डॉक्टरांनी बोनमॅरो ट्रान्सप्लान्टचं काढलं. सख्खं भावंड असेल तर पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, कारण प्रत्येक मूल अर्धं आईकडून, अर्धं वडिलांकडून घेतं. मी एकोणीस वर्षांची होते. मी म्हटलं, माझी तपासणी करा. डॉक्टर भले होते. त्यांनी कागदावर चार गोल काढून समजावलं की त्याच्यात आणि माझ्यात एकही रेघ जुळत नाही. एखादा अनोळखी दाता आणि मी, दोघं सारखेच. तो बेडवरून ऐकत होता. म्हणाला, “ताईचं नकोच. ताईचं घेतलं तर मला गणित येणार नाही.”

आईवडिलांचं साधारण अर्धं जुळतं, तेवढ्यावरही ट्रान्सप्लान्ट करतात. मम्मीचं करायचं ठरलं. पण पेशी खाली गेलेल्या असताना संसर्ग झाला आणि ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात, एका पहाटे, तो गेला.

तो आठवडा पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना वेगळ्या कारणाने आठवत असेल. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं आणि कोल्हापूरचा रस्ता बंद झाला. आम्ही त्याला साताऱ्याला आणलं. संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा दोन्ही नद्या फुगलेल्या. मम्मीला परत जायला रस्ताच नव्हता. तिचे आईवडील पलीकडे अडकलेले. त्यामुळे ती आमच्याकडे राहिली. पूर आला नसता तर ती तिसऱ्या दिवशी निघून गेली असती आणि मला वाटतं, आमचं पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

पहिल्याच संध्याकाळी सुतकाचा हिशोब झाला. काकांच्या चुलत आत्या आल्या होत्या, त्यांनी बोटांवर मोजलं. काकांना दहा दिवस. आई काकांच्या कुळात आलेली, तिलाही दहा. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुला काही नाही गं. तू तुझ्या बाबांच्या कुळातली. तुला सुतक नाही.” त्या वाईट बाई नाहीत. त्यांना वाटलं, पोरीला मोकळीक दिली. माझं आडनाव आजही बाबांचंच आहे, त्यामुळे नियमाने त्यांचं बरोबरच होतं. मम्मीचं काय, हा प्रश्न निघाला. ती ना माहेरची धरता येईना, ना सासरची. मम्मी भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, “मोजा तुम्ही. मी बसतो इथं.”

सुतक नसल्यामुळे एक काम मात्र माझ्याकडे आलं. देवाला हात लावू शकेल अशी घरात मी एकटीच. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ दिवा मी लावला. मला देवाचा रागच होता तेव्हा. पण वात वळायची, तेल घालायचं, काडी ओढायची, एवढं तरी हाताला होतं. बाकीच्यांना तेही नव्हतं.

भेटायला येणारे दारातच थबकायचे. दोन बायका शेजारी बसलेल्या. कुणाचा हात धरायचा? एक बाई तर हळूच मला विचारून गेल्या, “खरी आई कुठली?” मी दोघींकडे बोट केलं. त्या गोंधळून चहा न घेताच गेल्या.

म्हणजे दोघी लगेच एक झाल्या असं नाही. चौथ्या दिवशी मोठं भांडण झालं. हॉस्पिटलमधून आणलेली कपड्यांची पिशवी आईने रात्रीच धुऊन टाकली होती. तीन वर्षांची सवय, हॉस्पिटलचे कपडे घरात तसे ठेवायचे नाहीत. सकाळी दोरीवर त्याचे शर्ट बघून मम्मी ओरडली. वास गेला, सगळा वास गेला, एवढंच परत परत. आईने उलट काही म्हटलं नाही, पण संध्याकाळी ती मोरीत उभी राहून रडताना म्हणत होती, “तीन वर्षं मीच धुतले ना.” दोघींचं खरं होतं. केस गेल्यावर तो घालायचा ती लोकरीची टोपी माझ्या सॅकमध्ये राहिली होती, न धुतलेली. ती मी मम्मीला दिली. आईला लागलं, हे मला दिसलं. पण टोपी एकच होती.

केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखावर पुस्तक काढलं, ज्यावर आपला हक्क आहे असं समाज मानत नाही. मैत्रीण, घटस्फोटित जोडीदार, सावत्र नाती. मी हे पुष्कळ नंतर वाचलं. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मला त्यात एक गोष्ट कमी वाटते. आमच्यासारख्या घरात मूल हे नुसतं मूल नसतं, ते सगळ्यांना जोडणारा खिळा असतं. तो गेल्यावर मम्मी माझ्या आईची कोण? मी काकांची कोण? सख्ख्या घरात मूल गेलं तरी बाकीचे एकमेकांचे कोण, हा प्रश्न उरत नाही. आमच्याकडे तो रोज जेवायला बसायचा.

आणि एका रात्री तो बोलला गेला. महिना झाला असेल. आई काहीतरी समजावत होती. काका म्हणाले, “तुझी मुलगी तरी आहे.” तुझी. त्याआधीची सात वर्षं मी ‘आपली’ होते. दार उघडं होतं, मी ऐकलं, आणि मी ऐकल्याचं काकांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला हॉस्टेलवर गेले. बरेच दिवस ते बाहेरच्या खोलीत झोपायचे, आई आतल्या. फोनवर आई फक्त पाऊसपाणी सांगायची.

काकांनी माफी वगैरे मागितली नाही. साताऱ्याची माणसं मागत नाहीत. दिवाळीच्या आधी एका रविवारी ते एसटीने पुण्याला आले आणि हॉस्टेलच्या फाटकापाशी डबा घेऊन उभे राहिले. आईने दिलाय म्हणाले. डब्यातल्या पोळ्या जाड आणि वेड्यावाकड्या होत्या, म्हणजे त्यांनीच केल्या होत्या. आम्ही फुटपाथवर बसून खाल्ल्या. निघताना विचारलं, “दिवाळीला येशील ना घरी?” असा प्रश्न त्यांनी आधी कधी विचारला नव्हता, कारण मी येणार हे धरलेलंच असायचं. मी म्हटलं, “मी येतो.” चुकून गेलं तोंडातून. काका रस्त्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “कोल्हापूरकर झालीस की.” त्यानंतर पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं, आणि लगेच रडतानाही.

कायदाही नातं मोजतोच. त्याच्या नावावर बँकेत थोडे पैसे होते, नॉमिनी नव्हता. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, वारस कोण? आईची सही लागेल. माझी आई पुढे झाली. तेव्हा कळलं की हिंदू वारसा कायद्यात, १९५६ च्या, मुलाची आई पहिल्या वर्गातली वारस, वडील दुसऱ्या वर्गात, आणि आई म्हणजे जन्म देणारी किंवा दत्तक घेणारी. सावत्र आई त्या यादीत येते ती खूप खाली, ‘वडिलांची विधवा’ म्हणून. म्हणजे काका जिवंत आहेत तोवर माझी आई त्याची कुणीच नाही! आई ते ऐकून हसली. काका हसले नाहीत. मम्मी सहीला साताऱ्याला आली, तेव्हा महामार्ग कधीचा सुरू झाला होता. काम दहा मिनिटांचं होतं, ती तीन दिवस राहिली. पैशांचं काय झालं ते घरातलं आहे, सांगत नाही.

तेव्हापासून ती येते. ठरवून नाही. त्याच्या वाढदिवसाला, कधी उगाच आंबे घेऊन. दोघी जणी त्याच्याबद्दल बोलतात तेव्हा एकमेकींच्या गोष्टी दुरुस्त करतात. आईला त्याचा पहिला शब्द माहीत नव्हता, मम्मीला त्याने पाचवीत मारलेला सिक्सर माहीत नव्हता. माझ्या लक्षात आलंय की काका तेव्हा बाहेर जात नाहीत. पेपर समोर धरून तिथेच बसतात.

यंदा माझं लग्न ठरलंय. पत्रिकेत कुणाची नावं कुठे, यावर दोन संध्याकाळी गेल्या आणि अजून पत्ता नाही. मग कानपिळीचा विषय निघाला. नवरीच्या भावाने नवऱ्या मुलाचा कान पिळायचा असतो आणि त्याबद्दल आहेर वसूल करायचा असतो. आई गप्प झाली. काकांनी एका पुतण्याचं नाव सुचवलं, मामाच्या मुलाचंही निघालं. मी म्हटलं, नकोच ठेवू या तो प्रकार. मम्मी शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “का नको? मी पिळतो की. चांगला लाल करतो.”

आई म्हणाली, “एक कान माझा.”

होणाऱ्या नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.