मृगापासून ऋषिपंचमीपर्यंत

ऋषीच्या भाजीला फोडणी नसते. हिंग, मोहरी, हळद, गोडा मसाला यांतलं काही नाही. मीठ, हिरवी मिरची, चिंच आणि वरून ओलं खोबरं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून नांगरटीच्या शेतातलं काही चालत नाही. परसात कुदळीने खणून हाताने जे लावलं, तेवढंच पातेल्यात पडतं. व्रताच्या कथेत बाईच्या विटाळाचं जे येतं ते मला कधीच पटलं नाही आणि आमच्या घरात आता ते कोणी सांगतही नाही. बैलाची आठवण ठेवणारा नियम मात्र मी मनापासून पाळते.

मसाला नसल्यामुळे या भाजीत भाजीच लागते. दोन दिवसांचा शिळा दोडका किंवा निबर भेंडी फोडणीत लपून जाते, इथे लपत नाही. म्हणून परसबाग करणाऱ्या बाईची वर्षातली खरी परीक्षा माझ्या मते हीच. अळू, लाल माठ, अंबाडी, भेंडी, पडवळ, दोडका, भोपळा, सुरण, मक्याची कणसं, एवढं सगळं एकाच सकाळी घरच्या परसातून यायला हवं आणि तेही कोवळं.

अवघड आहे ते तारखेचं गणित. मृग नक्षत्र सूर्यावर चालतं, त्यामुळे ते दरवर्षी ७-८ जूनलाच लागतं. ऋषिपंचमी चंद्राची तिथी. २०२५ मध्ये ती २८ ऑगस्टला आली, २०२३ मध्ये श्रावण अधिक होता म्हणून २० सप्टेंबरला. म्हणजे मृगावर टोकलेल्या बियांना एका वर्षी ऐंशी-एक्याऐंशी दिवस मिळाले, दुसऱ्या वर्षी शंभराच्या वर. मक्याचं कणीस सत्तर-ऐंशी दिवसांत दुधात येतं आणि शंभर दिवसांत दगड होतं. त्यात पाऊस आपल्या मनाचा राजा. २०२५ ला तो २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला आणि आमच्या कोकणातल्या परसात मृगाआधीच तण गुडघ्याला लागलं. २०२३ चा ऑगस्ट देशभर शंभराहून अधिक वर्षांतला सर्वांत कोरडा ठरला. म्हणून मी मृगावर वेलांचं बी लावते आणि बाकीची लावणी पंचांग पुढ्यात घेऊन ऋषिपंचमीपासून मागे मोजते.

हे मागे मोजणं मला सासूबाईंनी शिकवलं, तेही दिवसांत नाही, सणांत. लाल माठ महिन्याभरात खुडायला येतो आणि नागपंचमी ते ऋषिपंचमी बरोबर एक चांद्रमास. नागपंचमीला माती उकरायची नाही, म्हणून माठाचं बी आदल्या दिवशी बारीक मातीत मिसळून वाफ्यावर फेकायचं. भेंडीचं फूल मिटल्यावर पाच-सहा दिवसांत शेंग तोडावी लागते, नाहीतर तिच्यात धागा धरतो. पोळ्याच्या अमावास्येला पिवळी फुलं दिसली की पंचमीची भेंडी जमली. दोडका फूल धरल्यापासून आठ-दहा दिवसांत उतरतो. म्हणून गोकुळाष्टमी झाली की संध्याकाळी मांडवाखाली जायचं.

संध्याकाळीच, कारण दोडक्याचं फूल दिवस कलल्यावर उमलतं. भोपळ्याचं पहाटे उमलून उन्हं वर आली की मिटतं, आणि पडवळाचं ते झालरीचं पांढरं फूल अंधार पडताना. पावसाची झड असली की किडे-पाखरं बाहेर पडत नाहीत आणि पराग धुऊन जातात. मग मांडव फुलांनी पिवळा दिसतो आणि फळ धरत नाही. अशा वेळी ते काम आपण करायचं. ज्या फुलाच्या मागे काडेपेटीतल्या काडीएवढा दोडका असतो ते मादी फूल. नर फूल देठासकट खुडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या आणि पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवायचे. बोटांना पिवळा रंग लागला तर पराग कोरडे आहेत, लागला नाही तर दुसरं फूल बघायचं. दोन दिवसांनी मागची काडी फुगली आणि फूल सुकून टोकाला चिकटून राहिलं की धरलं म्हणायचं. काडी पिवळी पडून गळली तर नाही.

धरलेल्या फळावर फळमाशी टपलेलीच असते. ती कोवळ्या सालीत अंडी घालते, फळ तिथे वाकडं होतं आणि आतून कुजतं. मी फळ बोटभर झालं की वर्तमानपत्राची पुंगळी चढवते. क्यू ल्यूरचा सापळाही टांगते, पण पुंगळीवर माझा जास्त भरवसा. पडवळाच्या टोकाला सुतळीने खडा बांधायचा, म्हणजे ते सरळ लोंबतं.

भोपळा एवढ्या दिवसांत पिकत नाही, तो कोवळा हिरवाच चिरायचा. वेल फार पसरला तर खुडलेले शेंडेही भाजीत चालतात, वरचे काटेरी दोरे सोलून.

सकाळी भाज्या उतरवायच्या त्या चूल पेटायच्या सुमाराला, आणि कणसं सर्वांत शेवटी, कारण तोडल्या क्षणापासून त्यातली साखर पिठूळ होऊ लागते. हाताला तेल लावून अळू आणि सुरण चिरायचा. प्रत्येक दोडक्याची चकती जिभेवर ठेवून बघायची. कडू लागला तर तो फेकायचाच, कारण कडू फळ नुसतं चव घालवत नाही, पोटालाही बाधतं. पातेल्यात आधी सुरण आणि कणसाचे तुकडे, वाटीभर पाणी, झाकणावरही पाणी. ते शिजत आले की अळूची देठी, अळूची पानं, अंबाडी. चिंचेचा कोळ इथे घालायचा, आधी नाही. आंबट आधी पडलं तर सुरण दडदडीत राहतो, आणि अजिबात पडलं नाही तर अळू घशाला खाजतो. मग भोपळा, पडवळ, दोडका. त्यांना स्वतःचं पाणी सुटतं, वरून घालायला जाऊ नये. माठ आणि भेंडी अगदी शेवटी. आंबट रसात भेंडीला तार सुटत नाही. मीठ पालेभाजी खाली बसल्यावर, कारण पातेलंभर पाला बघून घातलेलं मीठ नेहमी जास्त होतं. मिरच्या उभ्या चिरून. खोबरं उतरवल्यावर. सोबत वरीचा भात.

जेवताना दोडक्याची गोडी, अंबाडीचा आंबटपणा आणि मक्याचं दूध वेगवेगळं लागतं. या चवीची सवय झाली की बाकीच्या वर्षातही हात मसाल्याच्या डब्याकडे कमी जातो. पडवळ नुसत्या ताकात, माठ नुसत्या लसणीवर, असं माझं साधं रांधणं या भाजीतून घडत गेलं आहे.

हल्ली सणाच्या आदल्या दिवशी बाजारात या भाजीचे तयार वाटे मिळतात. शहरातल्यांनी ते जरूर घ्यावेत, पण माठ आणि अंबाडी तरी खिडकीतल्या कुंडीत लावावी. दोन्हींना वीतभर माती आणि ऊन पुरतं आणि पाल्यात ताजेपणाचा फरक सर्वांत जास्त कळतो.

भाजी झाली की मांडवावरचा एक दोडका बियाण्याला ठेवायचा. ज्या वेलाने एकही कडू फळ दिलं नाही त्याचाच, माशीने न टोचलेला. जवळपास घोसाळ्याचा वेल असेल तर बियाण्याची फुलं उमलायच्या आधीच दोऱ्याने बांधून ठेवावीत आणि संध्याकाळी सोडून, त्याच वेलाच्या नर फुलाने हाताने फळवून पुन्हा बांधावीत, नाहीतर दोन्हींची बी मिसळते. दसऱ्यानंतर तो वेलावर सुकून खडखडू लागला की उतरवायचा, बी राखेत घोळून काचेच्या बाटलीत भरायची आणि बाटलीवर वर्ष लिहायचं.