कुठले तुम्ही?

मालेगावला अजून रेल्वे नाही. आमचे स्टेशन मनमाड, एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर. त्यामुळे आगगाडीचा प्रवास आमच्यासाठी नेहमी दुसऱ्याच गावाहून सुरू होतो. लहानपणी तेव्हाच्या औरंगाबादला मावशीकडे जायचे तर मनमाडला मीटरगेजची गाडी धरावी लागे. निजामाच्या राजवटीत, १९०० साली हैदराबादहून मनमाडपर्यंत आलेला हा अरुंद मार्ग १९९०नंतरच्या काही वर्षांत रुंद झाला आणि त्या गाडीचे पाळण्यासारखे डुलणे माझ्यापुरते संपले. ते पुन्हा भेटले २०२४च्या दिवाळीच्या सुटीत, व्हिएतनाममध्ये, हनोईहून सायगावला जाणाऱ्या गाडीत.

तिथला हा मुख्य मार्ग आजही मीटरगेजच आहे. लांबी १७२६ किलोमीटर. फ्रेंचांनी तो १९३६ साली पुरा केला. १९५४ साली देशाची फाळणी झाली तेव्हा तो तुटला आणि युद्ध संपल्यावर, १९७६च्या अखेरीस, त्यावरून पुन्हा सलग गाडी धावू लागली. शहराचे अधिकृत नाव हो चि मिन्ह झाले तरी स्टेशनचे नाव मात्र सायगावच राहिले आहे. स्टेशनला तिथे 'गा' म्हणतात. फ्रेंच 'गार' लोकांच्या जिभेवर झिजून 'गा' झाले. आमच्या आजीने 'स्टेशन'चे 'ठेसन' केले होते, त्याच जातीचे हे काम. भाषा शिकवणाऱ्याला परक्या मुलुखात असा एखादा शब्द भेटला की उगीचच घरच्यासारखे वाटते.

आम्ही दोघांनी सहा शय्यांचा डबा घेतला होता. तीनावर तीन, समोरासमोर. आपल्याकडच्यासारखी बाजूची शय्या नाही, एका अंगाने चिंचोळी वाट आणि खोलीला दार. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याची सोय. त्या नळापाशी शेवयांचे कागदी वाडगे घेऊन लोक उभे असत आणि साऱ्या ओळखीपाळखी तिथेच होत. घरच्या चपला काढून गाडीच्या चपला घालणारे प्रवासी, जेवणाची ढकलगाडी, वातानुकूलनाचा बोचरा गारवा. पत्नीने पिशवीतून आईच्या हातची पातळ गोधडी काढली. मालेगावच्या मागांवर विणलेल्या रंगीत सुती साड्यांची ती गोधडी आईने शिवली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. आई नाही, साड्या मात्र अजून ऊब देतात.

उजाडायच्या आत विन्ह स्टेशन आले. एक आजी आणि त्यांची कॉलेजात शिकणारी नात आमच्या खोलीत चढल्या. हातात संत्र्यांची पिशवी. विन्हची संत्री तिकडे प्रसिद्ध आहेत. विन्ह हे नाव मी प्रवासाआधी वाचले होते ते बॉम्बफेकीच्या संदर्भात. अमेरिकी विमानांनी उद्ध्वस्त केलेले आणि नंतर पूर्व जर्मनीच्या मदतीने पुन्हा उभारलेले हे शहर. दिवस वर आला, बाहेर राखाडी पाऊस आणि भाताची खाचरे सरकू लागली. मी मोबाइल पुढे केला, भाषांतराची सोय सुरू केली आणि आजींना पहिलाच प्रश्न विचारला : युद्धाच्या वेळी तुम्ही कुठे होतात?

नातीने पडद्यावरची अक्षरे वाचली, आजींना काहीतरी सांगितले. आजींनी माझ्याकडे एकदा पाहिले, एक संत्रे सोलले, त्याच्या फोडी माझ्या पत्नीच्या हातावर ठेवल्या. मग नातीमार्फत त्यांनी विचारले, "तुमच्याकडे पाऊस किती महिने असतो?"

ओशाळलो. मला तो अनुभव उलट्या बाजूने ठाऊक होता. २००६ साली आणि पुन्हा २००८ साली आमच्या गावात बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर 'मालेगाव' हे गावाचे नाव राहिले नाही, ते घटनेचे नाव झाले. २००९ साली गाडीत एका सहप्रवाशाने विचारले, "कुठले तुम्ही?" मी सांगितले. त्यांनी "अच्छा" म्हटले, पायाशी असलेली बॅग जवळ ओढली आणि खिडकीकडे तोंड केले. त्यांना दोष द्यावा असे नाही. पण त्या दिवसापासून मी 'नाशिककडचा' झालो. वर्गात प्रादेशिक साहित्य शिकवताना मी मुलांना बजावत असे, आपल्या गावाविषयी लिहा, संकोच करू नका. आणि मनमाडला गाडीत पाय ठेवताच माझा जिल्हा पुढे होई, गाव मागे राही. पंधरा वर्षे हे चालले. आता तेच मी या बाईंच्या गावाला केले होते : नाव ऐकल्याबरोबर माणूस बाजूला सारून घटनेशी बोलू लागलो होतो.

नात म्हणाली, आजी विचारते, भारतात कुठून? जिभेवर नाशिक आले होते, पण मी 'मालेगाव' म्हणालो. नातीचा चेहरा काही बदलला नाही. बदलण्याचे कारणच नव्हते. त्या कोऱ्या चेहऱ्यासमोर मी कितीतरी वर्षांनी माझे गाव पहिल्यापासून सांगितले. मोसम नदी, नारोशंकरांचा भुईकोट, १८५७च्या उठावानंतर उत्तरेकडून येऊन वसलेले विणकर. "आमच्या गावात माग आहेत" या वाक्याचे यंत्राने काय केले कोण जाणे, दोघी खळखळून हसल्या. शेवटी मी दोन्ही हातांनी धोटा फेकून दाखवला, तोंडाने खटक-खटक केले आणि गोधडी पुढे धरली. आजींनी ती उलटून टाके पाहिले, बोटाने एक टाका चाचपला आणि मान हलवली. मागावरच्या कामगाराला नायक करून आमच्या पोरांनी स्वतःचा सुपरमॅन काढला, हे मात्र नातीला यंत्राशिवायही कळले.

दुपारपर्यंत आम्ही बेन हाय नदी ओलांडली होती. एके काळी इथे देश दुभंगला होता. आजींनी खिडकीबाहेर पाहिले, बराच वेळ पाहिले. मी काही विचारले नाही. पुढे ह्वे गेले, हाय वानच्या घाटात गाडी समुद्राच्या कडेने वळणे घेत हळू झाली, तेव्हा त्या आपणहून चार वाक्ये बोलल्या. नातीने त्यांचा अर्थ सांगितला नाही आणि मी मोबाइल उचलला नाही. त्यांचे होते ते त्यांच्यापाशी राहिले.

परत आल्यावर मुंबईहून मनमाडला येत होतो. समोरच्या गृहस्थांनी विचारले, "कुठले तुम्ही?"

"मालेगावचा."

छातीत किंचित धडधडले. गृहस्थांनी घड्याळ पाहिले. "मनमाडला उतरून पुढे बस मिळेल का एवढ्या रात्री?" मी म्हटले, मिळते, तासाभराचा तर रस्ता. "तुमच्याकडे आता रेल्वे येणार म्हणे," ते म्हणाले. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली, मालेगाव त्याच मार्गावर आहे, ती बातमी त्यांनी वाचली होती. मग रेल्वे कधी येईल, जमिनींचे काय होईल, यावर आम्ही मनमाडपर्यंत बोलत राहिलो.

सगळेच असे बोलतील, असे नाही. बॅग जवळ ओढणारे पुन्हा भेटतील. पण पंधरा वर्षांत असे बस विचारणारे किती जण मी भेटण्याआधीच गमावले, त्याचा हिशेब आता माझ्याकडे नाही.