परतीचे विमान आठ महिन्यांनी

आमच्या खेड तालुक्यात 'विमानतळ' हा शब्द काढला की माणसाला आधी आपला सातबारा आठवतो. चाकणच्या बाजूला विमानतळ होणार म्हणून इथे कित्येक वर्षे चर्चा चालली, जागा बदलत गेल्या, लोकांचा विरोध झाला, आणि २०१६ साली पुरंदरचे नाव पुढे आले. त्या वेळी ज्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, त्यांतल्याच एका घराची ही हकीगत. हिच्यातही विमानतळ आहे, पण तो पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, बर्फावर आहे.

कृषी खात्याच्या नोकरीत या भागात माझी बरीच वर्षे गेली. भामा नदीच्या बाजूचे हे घर कांदा-बटाट्याचे. थोरला मुलगा आयटीआय करून डिझेल मेकॅनिक झाला आणि चाकणच्या वसाहतीत ठेकेदाराकडे लागला. तीन वर्षांपूर्वी त्याने एक जाहिरात पाहून अर्ज केला. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकावरील आपल्या ठाण्यांसाठी ते शास्त्रज्ञांबरोबर मेकॅनिक, वेल्डर, वायरमन, स्वयंपाकी असेही लोक घेते. मुलाची निवड झाली. दिल्लीची वैद्यकीय तपासणी आणि औलीचे बर्फातले शिक्षण एवढेच बाकी होते. घरात मात्र एकमत होईना. शेवटी त्याच्या वडिलांचा मला निरोप आला, "साहेब, नकाशा घेऊन या."

ओसरीवर नकाशा पसरला. मी सांगितले की आपल्या देशाची पहिली तुकडी गोव्यातूनच निघाली. डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली एकवीस माणसे ६ डिसेंबर १९८१ रोजी मुरगावहून जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या बर्फावर उतरली. पुढे १९८३ च्या मोहिमेत अदिती पंत गेल्या. त्या औंधच्या पंतांच्या घराण्यातल्या. हे ऐकून मुलाची आई म्हणाली, "औंधची बाई गेली व्हती?" तिचा चेहरा जरा निवळला.

आता माणसे बहुधा विमानाने जातात. आधी दक्षिण आफ्रिकेतले केपटाऊन गाठायचे. तिथून मोठे मालवाहू विमान सहा तासांच्या आसपास समुद्रावरून उडते आणि रशियाच्या नोवोलाझारेव्हस्काया ठाण्याजवळ उतरते. तिथली धावपट्टी डांबराची नाही की सिमेंटचीही नाही. वर्षानुवर्षे दबून दगडासारखे झालेले निळसर बर्फ यंत्राने सपाट करून त्यावर चाके टेकवतात. आपले 'मैत्री' ठाणे तिथून जवळच आहे. केपटाऊनसारखीच आणखी चार गावे या वाटेवरचे दरवाजे आहेत : चिलीतले पुंता अरेनास, अर्जेंटिनातले उशुआया, ऑस्ट्रेलियातले होबार्ट आणि न्यूझीलंडमधले ख्राईस्टचर्च.

वडिलांनी सगळे शांतपणे ऐकले आणि नेमका प्रश्न विचारला. "साहेब, मधीच परत यायचं झालं तर?"

त्याचे उत्तर सोपे होते, पण सांगायला जड होते. ही विमाने साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यातच चालतात. फेब्रुवारी सरला की दार बंद. मग अंधार, वादळे आणि कडाक्याची थंडी. ठाण्यावर राहिलेल्या मूठभर लोकांना पुढचे विमान आठ महिन्यांनी. इकडे घरात काहीही झाले तरी माणूस येऊ शकत नाही.

ओसरीवर कोणीच बोलेना. तेव्हा कोपऱ्यात बसलेली ऐंशी वर्षांची आजी म्हणाली, "म्हंजी माझ्यापायी आडलंय व्हय? मी काय ठरवून मरनार हाय का? जाऊ द्या त्याला. आन् मी गेले तर पोराला कळवा. लपवू नका."

घराने होकार दिला. मग मी वहीत कामे लिहून दिली. वडिलांचा मोतीबिंदू मुलगा घरी असतानाच काढून घेतला. सोसायटीच्या कर्जाचे कागद, पीकविमा, बँकेतले खाते, कोणाची सही कुठे लागते, हे धाकट्याला दाखवून दिले. विहिरीच्या मोटारीची दुरुस्ती आजवर थोरलाच करी. गावातल्या दुसऱ्या पोराला ती समजावून दिली. ज्या घरात एकाच माणसाला सगळे ठाऊक असते, ते घर तो चार दिवस लग्नाला गेला तरी अडते.

आईने गाठोड्यात घरचा मसाला बांधला. आजीने शेतातली चिमूटभर माती पुडीत दिली. माती मात्र मी काढून ठेवायला लावली. अंटार्क्टिकाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार तिथे बाहेरची माती, बियाणे नेण्यावर निर्बंध आहेत. कपडे, बूट, पिशव्यांचे कोपरेदेखील झाडून साफ करावे लागतात. आजीला ते पटेना. मग मी गाजरगवताचे उदाहरण दिले. परदेशातून आलेले हे तण आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले, आणि आज आपल्या बांधावरून हटत नाही. आजीने आयुष्यभर ते उपटले होते. तिने पुडी उचलली आणि माती तुळशीत टाकली.

मुलगा नोव्हेंबरात गेला. ठाण्यावर उपग्रहामार्फत फोन लागतो, त्यामुळे आवाज ऐकू येई. जूनमध्ये इकडे मृगाच्या पेरण्या आणि आळंदीहून माउलींच्या पालखीचे प्रस्थान, तर तिकडे सूर्य उगवतच नव्हता. मे अखेरीपासून जुलै अखेरीपर्यंत सुमारे दोन महिने तिथे रात्रच असते. तो जनरेटर आणि बर्फातल्या गाड्या सांभाळी. जनरेटर बंद पडला तर ठाण्यावरची ऊबच जाईल, हे कळल्यावर वडील म्हणाले, "म्हंजी आमचं पोरगं तिथं चूल राखतंय."

श्रावणात आजी गेली. भावकीतल्या जाणत्यांनी सल्ला दिला, पोराला कळवू नका. तिकडे एकटे पोर खचेल. वडिलांनी मला विचारले. मी म्हटले, "आजीनं काय सांगितलं होतं? शिवाय आज लपवलं तर पुढच्या प्रत्येक फोनला 'आजीला द्या' म्हणेल, तेव्हा किती वेळा खोटं बोलाल?" त्यांनी गोव्याच्या कार्यालयामार्फत आधी ठाणेप्रमुखांना कळवले आणि मग मुलाशी स्वतः बोलले. त्या दिवशी सोबत्यांनी त्याला एकटे सोडले नाही. दहाव्याला इथे नदीवर पिंड ठेवले, त्या वेळी त्याने फोनवर फक्त कावळा शिवला का एवढे विचारले. शिवला होता.

चौदा महिन्यांनी तो घरी आला. साठलेल्या पैशातून सोसायटीचे कर्ज फिटले आणि दोन एकरांवर ठिबक बसले. पण आजीची खाट रिकामी होती, आणि ती भरपाई कोणत्याही पगारात नसते. हेही त्या घराने आधीच हिशेबात धरले होते, म्हणून कोणी कोणाला बोल लावला नाही.

आज आपल्या मुली-मुले सैन्यात, आखातात, जहाजांवर जातात. पाठवायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. पाठवणाऱ्यांनी मात्र तीन गोष्टी निघण्याआधी कराव्यात. परतीची वाट कधी बंद असते ते नीट विचारून घ्यावे. कागदपत्रे आणि औषधपाणी मार्गी लावावे. आणि वाईट बातमी कोणी, कशी कळवायची, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमक्ष ठरवावे. ती माणसे या बोलण्याला घाबरत नाहीत; बहुधा आपणच घाबरतो.