हुकूमनाम्याची प्रत जोडावी

शासकीय सेवेत असताना जे शेरे माझ्या हातून वारंवार लिहिले गेले, त्यांपैकी एक असा होता : "सक्षम न्यायालयाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जोडून प्रकरण फेरसादर करावे." नियमाच्या दृष्टीने शेऱ्यात काही चूक नव्हती. घटस्फोटित मुलीला कुटुंब निवृत्तिवेतन द्यावयाचे, तर ती घटस्फोटित आहे याला आधार हवाच. मात्र तो कागद मिळवायला अर्जदार स्त्रीला नेमके कुठे जावे लागते, हा प्रश्न मला सेवेच्या सगळ्या वर्षांत पडला नाही. तो निवृत्तीनंतर जयपूरला पडला.

केंद्र सरकारच्या सेवेत माझ्या हाताखाली जमादार असलेल्या एका गृहस्थांची मुलगी एके सकाळी भेटायला आली. वय पन्नाशीच्या पुढे, वास्तव्य जयपूर जिल्ह्यातल्या एका तहसिलीच्या गावी. वडील पूर्वीच वारले होते. आईला मिळणारे निवृत्तिवेतन तिच्या मृत्यूबरोबर थांबले होते. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घटस्फोटित मुलींना वयाच्या पंचविशीनंतरही कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद २००४ साली झाली. आईवडिलांपैकी एकाच्या हयातीत अर्ज दाखल झाला असेल आणि निकाल त्यांच्या मृत्यूनंतर लागला असेल, तरी हक्क पोचतो, असे २०१७ साली स्पष्ट करण्यात आले. हिचा निकाल तर वडिलांच्या हयातीतलाच होता. अडले होते ते हुकूमनाम्यावर. तिने कपाळाला हात लावून सांगितले, "साहेब, कागद बापूंनी वकिलाकडे ठेवला होता. वकीलही गेले, बापूही गेले."

प्रथम मला वाटले, यात अवघड ते काय? जन्ममृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्याने होते. विवाहनोंदणी सक्तीची करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्व राज्यांना सांगितले आणि राजस्थानने त्यासाठी २००९ साली कायदाही केला. घटस्फोटाचीही अशी एखादी वही असणार! शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की अशी वहीच नाही. इंग्लंडमध्ये १८५८ पासूनच्या घटस्फोटांची मध्यवर्ती सूची आहे. अमेरिकेत राहणारे वाचक जाणतात की तिथे काउंटीच्या क्लार्ककडे अर्ज करता येतो. आपल्याकडे घटस्फोट म्हणजे एका न्यायालयातल्या एका दाव्याची एक मिसल. ती मिसल सापडली, तर घटस्फोट सिद्ध झाला.

न्यायालय कोणते, हा दुसरा प्रश्न. देशातील अगदी सुरुवातीच्या कुटुंब न्यायालयांपैकी एक १९८५ साली जयपूरला स्थापन झाले. परंतु जो भाग कुटुंब न्यायालयाच्या हद्दीत नसेल, तिथले अर्ज जिल्हा न्यायालयाकडे जातात. पुढे तालुक्याच्या गावी अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांचे न्यायालय बसते आणि तेव्हापासूनचे दावे तिथे, आधीचे मात्र जुन्या जागी राहतात. त्यातच जयपूर ग्रामीण हा वेगळा महसुली जिल्हा २०२३ साली निघाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये रद्दही झाला. महसुली जिल्हा आणि न्यायालयाचा जिल्हा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खेड्यातल्या माणसाला कोण सांगणार? ती बिचारी आधी तहसील कार्यालयात आणि मग पंचायत समितीत जाऊन आली होती.

आम्ही आधी तिच्या गावच्या न्यायालयात चौकशी केली. तिथे काही नव्हते. दावा त्या न्यायालयाच्या स्थापनेपूर्वीचा निघाला. मग जयपूरच्या अभिलेख कक्षात दाव्यांची जुनी नोंदपुस्तके पाहावयाची ठरली. दाव्याचा क्रमांक नाही, निकालाची तारीख नाही. "धाकट्या भावाच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, होळीनंतर," एवढेच तिला आठवत होते. त्यावरून १९९३ ते १९९५ ही तीन वर्षे धरली. तिचे नाव कुठेही सापडेना. दुसऱ्या खेपेला तिथल्या एका अनुभवी लिपिकाने विचारले, "अर्ज केला कोणी होता?" अर्ज नवऱ्याने केला होता! नोंद अर्जदाराच्या नावाने होते. आम्ही जाबदाराचे नाव शोधत बसलो होतो.

नवऱ्याचे नाव विचारले, तर ती गप्प. आपल्याकडे निदान उखाण्यात तरी नाव घेतात. तिने ते कधीच उच्चारले नव्हते आणि घटस्फोटाला तीस वर्षे उलटली तरी जीभ वळेना. अखेर भावाला फोन लावून त्याच्याकडून नाव घेतले. पुढच्या अर्ध्या तासात नोंद सापडली. नक्कल मिळायला आठ दिवस लागले. हुकूमनाम्यात तिचे माहेरचे लाडके नाव होते आणि आधार कार्डावर दुसरे. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले, ते निराळेच.

परगावी राहणाऱ्या वाचकांवर असा प्रसंग आला, तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम २३(४) नुसार हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य मिळते. ती निकालाच्या वेळीच घ्यावी आणि तिच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. दाव्याचा क्रमांक, वर्ष व न्यायालयाचे नाव घरच्या वहीत लिहून ठेवावे. अलीकडच्या दाव्यांना सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक असतो, तोही टिपावा. माहितीच्या अधिकारात अर्ज करण्यात वेळ घालवू नये. न्यायालयीन कागदांच्या प्रती न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनुसारच मागाव्या लागतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला आहे.

जिची मिसल आहे, तिची ही कथा. प्रत घ्यायला गेलो त्या दिवशी तिच्याबरोबर गावातली आणखी एक बाई आली होती. तिची सोडचिठ्ठी पंचांसमोर, मुद्रांकावर झालेली. रूढीने होणारे घटस्फोट १९५५ च्या कायद्याच्या कलम २९(२) ने अबाधित ठेवले आहेत. परंतु त्याची मिसल कुठे नाही, नोंद कुठे नाही. तशी रूढी आपल्या जातीत आहे आणि आपला घटस्फोट तिच्यानुसार झाला, हे दिवाणी न्यायालयात दावा लावून, साक्षीदार उभे करून तिला सिद्ध करावे लागेल. तिचे पंच आता हयात नाहीत. "मग मी कुठे अर्ज करू?" असे तिने विचारले. माझ्यापाशी तिला सांगण्याजोगे एकही कार्यालय नव्हते.

उपाय फार खर्चाचा नाही. गोव्यात विवाहाची नागरी नोंद पोर्तुगीज काळापासून होत आली आहे आणि न्यायालयाने घटस्फोट दिला की त्याचा शेरा विवाहाच्या मूळ नोंदीवरच पडतो. उत्तराखंडने २०२५ पासून अमलात आणलेल्या समान नागरी संहितेत घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नोंदणीही बंधनकारक केली आहे. त्या संहितेविषयी मतभेद असोत. पण विवाहनोंदणीच्या वहीत एक रकाना वाढवावा आणि न्यायालयाने हुकूमनाम्याची प्रत परस्पर निबंधकाकडे धाडावी, एवढे तर कोणत्याही राज्याला करता येईल. दोन कार्यालयांमधला हा टपाल व्यवहार आज त्या स्त्रीच्या पायांनी चालतो.

जमादारांच्या मुलीचे प्रकरण आता लेखा कार्यालयात आहे. माझ्या शेऱ्याने परत गेलेल्या जुन्या प्रकरणांपैकी किती फेरसादर झाली, ते मी कधी पाहिले नाही. आज तोच शेरा लिहावयाचा असता, तर त्याखाली आणखी दोन ओळी घातल्या असत्या : प्रत कोणत्या न्यायालयाच्या नक्कल शाखेत मिळेल, आणि नोंद अर्ज करणाऱ्याच्या नावाने शोधावी.