पाण्याकडे तोंड असलेलं गाव

धोपाव्याला गाडी फेरीबोटीत चढवली, लोखंडी फळी वर आली आणि पायाखाली इंजिन धडधडू लागलं. मी उतरून कठड्याशी गेलो. वाशिष्ठीच्या मुखापलीकडे दाभोळ. याआधी दोनदा दापोलीहून रस्त्याने इथे आलो होतो आणि दोन्ही खेपांना गाव भेटलं नाही असंच वाटत राहिलं. भेटणार कसं? रस्त्याने येणारा दाभोळच्या परसदारी उतरतो. गाव डोंगराला पाठ टेकून बसलंय, तोंड खाडीकडे करून.

बहामनी काळात याच बंदरात अरबस्तानातले घोडे उतरत आणि घाट चढून दख्खनच्या लष्करात जात. त्वेरचा रशियन व्यापारी अफनासी निकितिनही विकायला घोडा घेऊनच आला होता, पण तो चौलला उतरला. दख्खनमध्ये काही वर्षं हिंडल्यावर घरची ओढ लागली, तेव्हा त्याने जहाज धरलं ते दाभोळहून. होर्मुझ, इराण, काळा समुद्र एवढं सगळं ओलांडलं, आणि त्वेर जवळ आलेलं असताना स्मोलेन्स्कच्या आसपास तो वारला.

1508 च्या मार्चमध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मैदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. वर्ष सरता सरता बाप आरमार घेऊन निघाला आणि वाटेत दाभोळ जाळून गेला. मुलगा गेला चौलला, राख झाली दाभोळची. ज्या पाण्याने गाव वाढवलं, त्याच पाण्यावरून आग आली.

उतरलो आणि थेट मशिदीत गेलो. धक्क्याजवळच, माडांमध्ये, काळ्या दगडाची विजापुरी धाटणीची वास्तू आहे. 1659 च्या सुमाराची. सांगतात की, विजापूरची शहजादी मक्केला जायला म्हणून इथवर आली, समुद्र सुरक्षित नाही म्हणून थांबली, आणि यात्रेसाठी आणलेलं धन तिने या बांधकामात घातलं. इतिहासाला हे कितपत मान्य होईल, ठाऊक नाही. मला मात्र हौदाच्या काठावर बसल्यावर ती शहजादी खरी वाटली. समोर पाणी, मनात प्रवास, आणि पाय जमिनीवर अडकलेले.

कारण असं थांबणं माझ्या घरातलं आहे. आजी लग्न होऊन इथूनच बोटीने मुंबईला गेली. दुसऱ्याच वर्षी, आषाढात, तिची आई गेली. पावसाळ्यात बोट बंद. पत्र पोचलं तेव्हा दिवसही उलटून गेले होते. बोटी सुरू झाल्यावर ती आली, ती आईविना घरात. हे सांगताना ती कधी रडली नाही. “दर्या बंद होता,” एवढंच म्हणायची आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायची. लहानपणी मला ते वाक्य हवामानाची बातमी वाटायचं.

परतीच्या फेरीला बाकी मंडळी गाडीतच बसून राहिली. मी मागच्या बाजूला गेलो. बोटीतून शेवटपर्यंत मशिदीचा घुमट दिसत होता, असं आजी सांगायची. त्या वेळी ती सोळा वर्षांची होती. धक्का सुटला. घरं बारीक होत माडांत शिरली. ओहोटी लागली होती, पाणी समुद्राकडे ओढ घेत होतं. घुमट अजून दिसत होता.