पहारीआधी टेकू

उसाचं बिल हातात पडलं की बिद्रीच्या आसपास स्वयंपाकघरांची कामं निघतात. ग्रॅनाइटचा रंग ठरवायला घरातली सगळी माणसं बसतात. जुनी फडताळं, मांडण्या, ट्रॉल्या काढायचं काम मात्र उक्तं देऊन मोकळी होतात. बिगाऱ्याच्या हातात पहार दिली की झालं. मला हे फार खटकतं. माझ्या मते सगळ्या कामात जाणत्या माणसाची खरी गरज याच दिवशी असते, कारण गिलाव्यामागं काय आहे हे तेव्हा कुणालाच दिसत नसतं.

मातीत किंवा दगडमातीत बांधलेल्या घरातलं फडताळ म्हणजे भिंतीला लावलेलं कपाट नव्हे. ते भिंतीच्या जाडीतच बसवलेलं असतं आणि त्याच्यावरची जाड फळी, कधी नुसती चौकटच, वरच्या भिंतीचं वजन पेलत असते. दारं आणि आतल्या फळ्या काढल्यानं बिघडत नाही. चौकट उपसली की वरची भिंत सुटते. म्हणून आधी टेकू, मग चौकट, आणि ती निघाल्यावर टेकू न हलवता पोकळी बांधून घेणं, हाच क्रम. तो सुताराला आणि गवंड्याला ठाऊक असतो, पण त्यांना नवं काम सुरू होताना बोलावतात. विटांच्या घरात धोका वेगळा. टांगलेलं कपाट चार इंची भिंतीतल्या लाकडी गिट्ट्यांवर तोललेलं असतं. भुशाचा बोर्ड ओलीनं फुगला असेल तर त्यात स्क्रू धरत नाही, आणि खालून आधार न देता स्क्रू सोडले तर कपाट थेट अंगावर येतं. मागून वायर गेलेली असू शकते, म्हणून मेन स्विच बंद आणि सिलिंडर घराबाहेर, हे पहार उचलण्याआधी.

रंगाचा प्रश्न तर कुणी काढतच नाही. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नको, असा नियम केंद्रानं 2016 मध्ये केला आणि तो 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या-तांबड्या भडक रंगांत, शिसं असण्याची शक्यता बरीच. ते कोरडं घासलं की धूळ होते, आणि लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम कायमचा राहतो. पाणी मारून खरवडावं, केरसुणी न फिरवता ओल्या फडक्यानं पुसावं, पोरांना त्या दिवशी शेजारी ठेवावं. आणि रंगवलेल्या फळ्या, सनमायकाचे तुकडे आंघोळीच्या बंबात घालू नयेत. फुकटचं जळण म्हणून सर्रास घालतात, पण सनमायकातलं रसायन धुरातून घरात येतं आणि रंगातलं शिसं राखेत उरतं.

यावर उत्तर ठरलेलं असतं: मिस्त्री वर्षानुवर्षं असंच काढतात, कुठं काय झालं? पण झालेलं मोजतो कोण? बांधकाम मजुरांच्या 1996 च्या कायद्यानं दहापेक्षा कमी मजुरांची कामं वगळली, आणि स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं कामही. त्याच्या जागी 2020 ची संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. तिच्यात घराच्या कामाची ही मर्यादा पन्नास लाखांवर गेली. म्हणजे फडताळ काढताना ज्याचा पाय मोडतो, तो मजूर सुरक्षेच्या कायद्याच्या हिशेबातच नाही. प्रत्येक स्वयंपाकघरात सरकारी तपासनीस यावा असं मलाही वाटत नाही. छोट्या घरमालकाला तो जाच होईल, हे मान्य. पण मग कायद्यानं सोडलेली जबाबदारी घरमालकावर येते, आणि ती उक्त्या रकमेत मजुराच्या गळ्यात टाकता येत नाही. दिवस वाढेल, खर्च वाढेल, हा आक्षेप खरा आहे. तो खर्च ग्रॅनाइटच्या हिशेबात धरावा: सुताराची एक दिवसाची हजेरी, दोन टेकू, मास्क, हातमोजे. सुतारानं नीट सोडवलेली सागवानी दारं विकली जातात किंवा पुन्हा वापरता येतात. पहारीनं फोडलेली सरळ राडारोड्यात जातात.