वळसंगच्या ओसरीवरची चिनी बाटली

सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले, की कुंभारीपाशी गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगारांची विस्तीर्ण वसाहत लागते आणि त्यापुढे थोड्याच वेळात वळसंग येते. वैशाखात दोन्ही बाजूंची काळी राने भेगाळलेली असतात, कडब्याची बुचाडे तेवढी उभी असतात आणि स्वामी समर्थांच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या धूळ उडवीत पुढे जातात. गावात बाबासाहेब आंबेडकरांच्या भेटीची आठवण सांगणारा आड आहे. बोलण्यात मराठी आणि कानडी एकाच वाक्यात नांदतात. खोकल्याला कोणी ‘खोकला’ म्हणेल, कोणी ‘केम्मु’. कफ मात्र दोन्ही भाषांत कफच.

मी तेथे गेलो तो एका जुन्या रुग्ण आजींना पाहण्यासाठी. वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह वीस वर्षांचा. त्यांच्या सूनबाईंचा दूरध्वनी आला होता. ओसरीवर भिंतीला टेकून बसलेल्या आजींनी माझे स्वागतच निदानाने केले : ‘‘दाक्तर, अंगात उष्णता शिरलीया बगा. त्यानंच कफ झालाय.’’ शेजारी एक बाटली होती. सिंगापूरला नोकरी करणाऱ्या नातवाने सुटीत आणलेले, मधात मुरवलेले चिनी खोकल्याचे औषध. सोबत एक कागद होता आणि त्यावर कफाचे प्रकार इंग्रजीत मांडलेले होते. नातवाने ते आजीला मराठीत समजावून सांगितले होते आणि आजींनी स्वतःला ‘उष्ण कफा’च्या रकान्यात बसवले होते.

चिनी वैद्यकाविषयी मला जे थोडेफार कुतूहल आहे, ते सोलापूरकर असल्यामुळे. भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकावरून आम्ही लहानाचे मोठे झालो. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत ते होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि डॉ. बसूही होते. कोटणीस शल्यविशारद, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच त्यांचे निधन झाले. बसू यांनी मात्र पुढे चीनमध्ये सुया टोचण्याची विद्या शिकून ती भारतात आणली. त्यांच्याविषयी वाचता वाचता मी चिनी निदानपद्धतीपर्यंत पोहोचलो.

ती पद्धत चार गोष्टींवर उभी आहे : पाहणे, ऐकणे व हुंगणे, विचारणे आणि नाडी धरणे. कफ पिवळा, दाट, चिकट. जीभ लाल, तिच्यावर पिवळा तेलकट थर. नाडी जलद आणि बोटांखालून मोती घरंगळावेत तशी निसटती, तर तो उष्ण कफ. पांढरा, पातळ, जीभ फिकट, थंडी वाजणे, तर शीत कफ. सुटता न सुटणारा, थोडका, घसा कोरडा करणारा तो शुष्क कफ. आपल्या आयुर्वेदात कफाची नाडी हंसाच्या गतीची आणि पित्ताची बेडकाच्या उडीसारखी सांगितली आहे. दोन्हीकडच्या वैद्यांनी बोटांच्या टोकाशी किती लक्ष एकवटले होते, ते यावरून दिसते. चिनी वैद्य तर न दिसणाराही कफ मानतात आणि चक्कर किंवा पक्षाघातातील बेशुद्धी त्याच्या खाती घालतात. ते मला पटत नाही. पण पाहण्याची शिस्त पटते.

म्हणून मी त्या कागदाप्रमाणेच सुरुवात केली. आजींची जीभ तपकिरी पिवळी होती. पण त्या दिवसातून चार वेळा मिश्री लावतात. मिश्री, पान, हळदीचे दूध, कशानेही जिभेचा रंग बदलतो. असा चढलेला रंग खरा थर समजू नये, हे चिनी वैद्यही बजावतात. मग वाटीत पडलेला कफ पाहिला. पिवळा नव्हताच. पांढरा, फेसाळ, साबणाच्या पाण्यासारखा.

‘‘उष्णता कशावरून म्हणता?’’ मी विचारले.

उत्तर सूनबाईंनी दिले. ‘‘पंधरा दिवस झाले, आत्याबाई रात्री दोनला उठून ओसरीवर येऊन बसतात. आत उकडतंय म्हणतात.’’

‘‘बाकीच्यांना झोप लागते आत?’’

‘‘लागते की. पंखा असतो.’’

‘‘आजी, ओसरीवर येऊन तुम्ही आडव्या पडता का?’’

‘‘न्हाई बाबा. आडवं पडलं की जीव घुसमटतोय. बसलं की बरं वाटतंय.’’

ते उकडणे नव्हते. हृदयाचा जोर कमी पडला, की आडवे झाल्यावर फुप्फुसांत पाणी साठते, माणूस धाप लागून जागा होतो आणि उठून बसल्यावर त्याला आराम पडतो. खिडकीपाशी किंवा ओसरीवर जावेसे वाटते ते हवेसाठी. वैशाखातल्या सोलापुरात त्याला ‘उष्णता’ म्हणणे किती सोपे! मी घोट्यावर बोट दाबले. खळगा पडला आणि तसाच राहिला. नाडी मोत्यासारखी नव्हती, हंसासारखीही नव्हती. तिला तालच नव्हता, दोन ठोक्यांतले अंतर दर वेळी वेगळे होते. तळपायांची जी आग त्या उष्णतेत मोजत होत्या, ती मधुमेहाने दुखावलेल्या नसांची होती. घरच्या यंत्रावर साखर पाहिली तर ३१२. रोज चार चमचे मधातले औषध दोन आठवडे पोटात जात होते.

येथे एक कबुली देणे भाग आहे. महिन्यापूर्वी याच आजी माझ्या दवाखान्यात खोकला घेऊन आल्या होत्या. बाहेर गर्दी होती. मी छाती तपासली, खोकल्याचे औषध लिहिले आणि किती उशा घेऊन झोपता, हे विचारले नाही. सिंगापूरच्या कागदावर माझ्यापेक्षा अधिक प्रश्न होते.

गाडी येईपर्यंत सूनबाईंशी जे बोललो, ते वृद्धांची देखभाल करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे. कफ पिवळा झाला म्हणजे लगेच प्रतिजैविक हवे, असे नाही. साध्या विषाणूजन्य सर्दीतही पांढऱ्या पेशींमुळे कफ पिवळा-हिरवा होतो. उलट म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच याचा भरवसा नसतो. अचानक असंबद्ध बोलणे, जेवण सोडणे, बसल्या जागी भराभर श्वास, हीच त्याची वर्दी असते. फेसाळ किंवा गुलाबी कफ आणि आडवे होता न येणे, यांत सकाळची वाट पाहू नये. दोन आठवड्यांवर रेंगाळलेला खोकला असेल तर थुंकीची क्षयासाठी तपासणी करावीच, आणि विड्या वळण्यात आयुष्य गेलेल्या बायकांनी ‘तंबाखूची धूळ आहे’ म्हणून ती टाळू नये.

आजींच्या कनवटीला ज्येष्ठमधाची काडी निघाली. घशासाठी दिवसभर चघळत. चिनी काढ्यांतही हेच ज्येष्ठमध फार वापरतात. थोडे, कधीतरी, ठीक. पण रोज घेतले तर रक्तदाब वाढतो, अंगात पाणी धरते, रक्तातील पोटॅशियम उतरते आणि लघवीच्या गोळ्या चालू असतील तर ते आणखी घसरून हृदयाची लय बिघडू शकते. झाडपाल्याचे आहे म्हणून डॉक्टरांना सांगायचे राहून जाते. दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, काड्या एका पिशवीत घालून न्याव्यात, चिनी असोत वा देशी.

आजी सोलापूरला सहा दिवस रुग्णालयात होत्या. घरी परतल्यावर मी पुन्हा वळसंगला गेलो, तेव्हा घोट्यांची सूज उतरली होती आणि रोज सकाळचे वजन सूनबाई दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहीत होत्या. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर फोन करायचा, हे त्यांनी मलाच ऐकवले. नातवाचाही फोन येऊन गेला होता. पोराला अपराधी वाटत होते. त्याची काही चूक नव्हती, हे मी त्याला मुद्दाम कळवायला सांगितले.

‘‘आता रातच्याला आतच झोपत्ये,’’ आजी म्हणाल्या. ‘‘उकडतंय, पर झोप लागती.’’